पिंजऱ्यावर उभे राहिलेले लिस्बन

१ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी लिस्बनच्या किल्ल्यातला एक बुरूज कोसळला. त्याला तोर्रे दु तोंबू म्हणत. पोर्तुगालच्या राज्याचे जवळपास चार शतकांचे दफ्तर त्या बुरुजात होते. दफ्तराचा रखवालदार होता मानुएल दा माया, वय अठ्ठ्याहत्तर. खाली शहर जळत होते, जमीन अधूनमधून पुन्हा हलत होती आणि हा म्हातारा ढिगाऱ्यातून कागद उपसून घेत होता. किल्ल्याच्या आवारात लाकडी खोपटे उभारून त्याने ते कागद त्यात ठेवले आणि दोनेक वर्षांनी एका मठाच्या मजबूत इमारतीत हलवले. गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कने आपल्या राजाला लिहिलेली पत्रे आज अभ्यासकांना वाचता येतात, ती हे दफ्तर त्या दिवसांतून तगले म्हणून. किल्ल्याखाली नदीकाठी मात्र ‘कासा दा इंडिया’ ही भारताच्या व्यापाराची कचेरी होती. तिच्या वह्या, नोंदी, नकाशे सगळे गेले.

मला या भूकंपाची गोष्ट मायापासून सुरू करावीशी वाटते. इतिहासात नाव राहिले ते दुसऱ्याच माणसाचे, आणि ते योग्यही आहे. पण पडलेले शहर पुन्हा कसे उभे करायचे, याचा पहिला नीट विचार कागदावर आणला तो मायाने. राज्याचा मुख्य अभियंताही तोच होता. शहराला पाणी आणणाऱ्या आग्वास लिव्हरेस या प्रचंड कालव्याच्या कामात त्याने आयुष्यातली कितीतरी वर्षे घातली होती. भूकंपात त्या कालव्याच्या उंच कमानी उभ्याच राहिल्या.

लिस्बन त्या वेळी युरोपातल्या श्रीमंत राजधान्यांपैकी एक होते. ब्राझीलच्या खाणींतले सोने बंदरात उतरत होते. वास्को द गामाच्या सफरीनंतर मसाल्याच्या पैशावर राजाने तेजू नदीच्या अगदी काठावर वाडा बांधला होता, आणि अडीचशे वर्षे राजघराणे तिथून जहाजे येताना पाहत होते. वाड्याच्या ग्रंथालयात सत्तर हजार पुस्तके होती. शेजारचे नवे ऑपेरागृह उघडून जेमतेम सात महिने झाले होते. वाड्यापुढचे तेरैरू दु पासू हे पटांगण आणि आतल्या बाजूचा रोसियू चौक यांच्यामध्ये बैशा, म्हणजे सखल भाग, पसरला होता. एके काळी तिथे खाडीचे पाणी होते. गाळ आणि भर साचत गेली आणि तिच्यावर शहर वाढले. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावे लागे.

तो शनिवार होता, आणि सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या पुढे-मागे जमीन हलली तेव्हा चर्चे माणसांनी भरलेली होती आणि वेदींवर मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. काही मिनिटांत एकामागून एक तीन धक्के बसले. दगडी छते भाविकांवर आली. जे वाचले ते मोकळ्या जागेकडे धावले, आणि बैशातली मोठी मोकळी जागा म्हणजे नदीकाठ. पाऊणएक तासाने समुद्र तिथे आला. आधी पाणी मागे ओसरले, मग भिंतीसारखे परतले. धक्क्यावर जमलेला जमाव त्यात गेला. पडलेल्या घरांतल्या चुली आणि चर्चांमधल्या मेणबत्त्यांनी तोवर आगी लावल्या होत्या. त्या पाच-सहा दिवस जळत राहिल्या. वाडा, ऑपेरागृह, सर्व संतांच्याच नावाचे शाही रुग्णालय, सगळे त्यांनी खाल्ले. शहराची वस्ती दोन लाखांच्या आसपास होती. मेले किती, याचे अंदाज दहा हजारांपासून साठ हजारांपर्यंत जातात. पूर्वेच्या टेकडीवरचा अल्फामा हा अरबांच्या काळातला जुना भाग मात्र बराचसा टिकला, कारण त्याच्याखाली पक्का खडक होता.

राजा जुझे पहिला बचावला तो पहाटेची प्रार्थना आटोपून कुटुंबासह शहराबाहेर बेलेंला गेला होता म्हणून. पण त्याच्या मनाचा थरकाप पुढे कधीच गेला नाही. दगडी छताखाली झोपायला तो पुन्हा तयार झाला नाही. आजूदाच्या टेकडीवर त्याच्यासाठी आधी तंबू लागले आणि मग लाकडी वाडा उभा राहिला. लोक त्याला राजाची झोपडी म्हणत. एकवीस वर्षांनी तो मेला, तोपर्यंत पोर्तुगालचा दरबार तिथेच भरत होता.

घाबरलेल्या राजाने सत्ता ज्याच्या हाती सोपवली त्याचे नाव सेबाश्तियांव जुझे द कार्व्हाल्यो. पुढे तो मार्केस द पोंबाल झाला, आणि गोव्याच्या इतिहासातही याच नावाने येतो. भूकंपाच्या दिवशी तो परराष्ट्र आणि युद्ध खात्याचा मंत्री होता, वय छप्पन्न. आता काय करायचे, असे राजाने विचारले तेव्हा मेलेल्यांना पुरा आणि जगलेल्यांना जेवू घाला, असे तो म्हणाला, ही आख्यायिका पोर्तुगालमध्ये सर्वांना ठाऊक आहे. वाक्य त्याचे की दुसऱ्या एका सरदाराचे, यावर वाद आहे. हुकूम मात्र निःसंशय त्याचे. सगळी प्रेते पुरणे शक्यच नव्हते. धर्मप्रमुखाची संमती घेऊन ती पडावांत भरली, वजने बांधली आणि नदीच्या मुखापाशी समुद्रात सोडली. धान्याचे भाव बांधून दिले. घरभाडे वाढवायला बंदी केली. लूट थांबवायला उंच जागी फाशीचे खांब रोवले, आणि तीसहून अधिक माणसे त्यांवर लटकली. धडधाकट माणसांनी शहर सोडून जाऊ नये म्हणून वाटांवर सैन्य बसवले आणि पळालेल्यांना ढिगारे उपसायला परत आणले. ‘गाझेता द लिस्बोआ’ हे साप्ताहिकही चुकले नाही. ६ नोव्हेंबरचा अंक निघाला आणि त्यात भूकंपाची बातमी मोजक्या ओळींत होती.

या हुकमांतले दोन मला सर्वांत मोलाचे वाटतात, कारण त्यांच्यामागे पुढच्या शहराचा विचार दिसतो. पहिला २९ नोव्हेंबरचा. पडलेल्या शहराची मोजणी करा, कोणाचे घर कुठे होते, त्याची लांबी-रुंदी किती, कोणती गल्ली कुठून कुठे जात होती, हे सगळे लिहून काढा. दुसरा डिसेंबरचा. आराखडा ठरेपर्यंत बैशात कोणी काहीही बांधायचे नाही. हा मनाईहुकूम काढावा लागला, कारण लोक परत येत होते. राख थंड होण्याआधीच चांभार, सोनार, कापडवाले आपापल्या जागा शोधत आले होते आणि उरलेल्या भिंतींना टेकून छपरे घालू लागले होते. बंदर तिथे होते, गिऱ्हाईक तिथे होते, त्यामुळे ते दुसरीकडे जाणार नव्हते. भूकंपानंतरच्या कागदांत मंत्र्यांची आणि अभियंत्यांची नावे भेटतात. या परतणाऱ्या माणसांची भेटत नाहीत. त्यांचा पत्ता लागतो तो त्यांना थोपवणाऱ्या हुकमातूनच.

४ डिसेंबर १७५५ रोजी, म्हणजे भूकंपाला महिना होऊन जेमतेम तीन दिवस झाले असताना, मायाने आपल्या टिपणाचा पहिला भाग सादर केला. पुढचे दोन भाग १७५६ च्या वसंतापर्यंत आले. मला तर हे टिपण नगररचनेच्या इतिहासातल्या उत्तम कागदांपैकी एक वाटते. एकच उत्तर पुढे करून तो थांबत नाही. शहर होते तसेच, त्याच उंचीचे, त्याच गल्ल्यांचे पुन्हा बांधता येईल, असे तो आधी म्हणतो. घरे तेवढीच उंच ठेवून गल्ल्या रुंद करता येतील. किंवा गल्ल्या रुंद करून घरे दोन मजल्यांवर आणता येतील. त्याच्याही पुढे जायचे तर बैशा पूर्ण साफ करून, ढिगाऱ्याने जमीन सारखी करून, नवे सरळ रस्ते आखता येतील. आणि हे काहीच नको असेल तर जुनी जागा तिच्या मालकांवर सोडून बेलेंच्या बाजूला, जिथे जमीन घट्ट आहे, तिथे नवे शहर वसवता येईल.

आपल्याकडे असे गाव उठून दुसरीकडे बसले की लोक नवी पांढरी म्हणतात. पाचवा पर्याय म्हणजे लिस्बनची नवी पांढरी. कागदावर तोच सर्वांत सोपा दिसतो, कारण कोणाची जागा घ्यायला नको, कोणाशी भांडायला नको. पण जुनी पांढरी सोडायला माणसे तयार नव्हती, हे वर आलेच आहे. पहिला पर्याय मायाला नको होता. पुन्हा भूकंप होणारच नाही असे धरून चालल्याशिवाय तो घेता येत नाही, आणि तसे धरायचे कशावरून, हा त्याचा प्रश्न. घराची उंची समोरच्या रस्त्याच्या रुंदीहून अधिक नसावी, असा त्याचा आग्रह होता. म्हणजे घर पडलेच तर रस्त्यातून पळणाऱ्याला वाट राहील. ट्यूरिन कसे वाढवले, १६६६ च्या आगीनंतर लंडनचे काय झाले, हे त्याने अभ्यासले होते. लंडनला सुंदर नकाशे झाले, पण जागामालक आपापल्या हद्दींना चिकटून बसले आणि नकाशे गुंडाळले गेले. कार्व्हाल्यो काही वर्षे लंडनला वकील म्हणून राहिला होता. त्यालाही ही गोष्ट परकी नसणार.

चौथा पर्याय ठरला. मायाच्या हाताखालच्या माणसांनी सहा नकाशे केले. काहींनी जुनी चर्चे त्याच जागी राखली, काहींनी तो विचार सोडून दिला. निवड झाली एउजेनियू दोस सांतोस याच्या नकाशाची. हा लष्करी अभियंता होता, चाळिशी उलटलेला. त्याला जोड मिळाली मूळच्या हंगेरीच्या कार्लोस मार्डेलची. दोन मोठे चौक, त्यांना जोडणारे समांतर सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणाऱ्या आडव्या गल्ल्या, असा तो आराखडा होता. मुख्य रस्ते साठ पाल्म रुंद, सुमारे तेरा मीटर, आणि दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी. रस्त्यांखाली गटारे. राजवाडा नदीकाठी परत बांधायचा नाही. वाड्यापुढच्या पटांगणाला व्यापाराचा चौक म्हणायचे आणि त्याच्याभोवती जकात, बाजार आणि सरकारी कचेऱ्या बसवायच्या. सरदारांचे वाडे या भागात नकोत, दारावर घराण्यांची चिन्हे नकोत. चर्चचा दर्शनी भागही शेजारच्या घरांच्या रांगेत बसला पाहिजे.

मग १२ मे १७५८ चा कायदा आला. पुनर्बांधणीचा सारा कणा त्यात आहे. १७५५ च्या मोजणीप्रमाणे ज्याची जितकी जागा होती, तिच्या बदल्यात त्याला नव्या आखणीत जागा मिळणार, आणि रस्त्यांत गेलेल्या जमिनीचा हिशेब सगळ्यांमध्ये वाटला जाणार. नव्या जागेवर पाच वर्षांत ठरल्या नमुन्याचे घर बांधले नाही तर ती बांधू शकणाऱ्याकडे जाणार. लंडनमध्ये जे जमले नव्हते ते इथे जमले. त्यात दडपशाही होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पैसा नसलेल्या कितीतरी लहान मालकांच्या जागा या मुदतीपायी व्यापाऱ्यांकडे गेल्या. १७६० च्या नोव्हेंबरात रस्त्यांना नावे मिळाली आणि कोणत्या रस्त्यावर कोणता धंदा बसणार, हेही ठरले. सोनारांचा रस्ता, चांदीवाल्यांचा, चांभारांचा, जीनगरांचा, कापडवाल्यांचा. पुण्याच्या बोहरी आळीतून किंवा तांबट आळीतून हिंडलेल्याला ही व्यवस्था ओळखीची वाटेल.

आता घरांकडे वळतो, कारण लिस्बनचे खरे धन भिंतींच्या आत आहे. सांतोस आणि मार्डेल यांनी प्रत्येक घरात आधी लाकडाचा सांगाडा उभा करायला लावला. उभे खांब, आडव्या तुळया आणि प्रत्येक चौकटीत फुलीसारख्या दोन तिरक्या पट्ट्या. फुलीमुळे चौकट कुठूनही ढकलली तरी तिरपी होत नाही. मधल्या पोकळ्यांत दगडविटांचे तुकडे आणि चुना भरायचा, वर गिलावा करायचा. बाहेरची दगडी भिंत लाकडी सांधे घालून या सांगाड्याला बांधायची. धक्का बसला तर दगड ढासळतील, पण मजले माणसांवर येणार नाहीत, अशी ही योजना. पोर्तुगीज लोक या बांधणीला ‘गायोला’ म्हणतात, म्हणजे पाखराचा पिंजरा. या पिंजऱ्याचा नमुना चौकात उभा करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावली, असे परंपरेने सांगतात. ती गोष्ट खरी असेल तर भूकंपात टिकते का, हे बांधण्याआधी तपासून पाहिलेली जगातली ही पहिल्यांपैकी घरे. किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जाड दगडमातीच्या भिंतींनी झोपलेल्या माणसांवर काय आणले, हे ज्यांनी पाहिले त्यांना भिंतीतल्या त्या फुलीची किंमत वेगळी सांगायला नको.

पायाही असाच न दिसणारा. बैशाखाली पाणी आणि चिखल आहे, म्हणून पाइनच्या लाकडाचे हजारो खुंटे जमिनीत ठोकून त्यांच्यावर घरांचे पाये घेतले. हे लाकूड पाण्यात बुडून राहिले तर कुजत नाही. हवा लागली की कुजते. त्यामुळे बैशाखालच्या पाण्याची पातळी हा आजही तिथल्या अभियंत्यांच्या काळजीचा विषय आहे. जीनगरांच्या रस्त्यावरच्या एका इमारतीखाली १९९० नंतर खोदकाम झाले, तेव्हा हे खुंटे दिसले आणि त्यांच्यापाशीच रोमन काळातल्या मासे खारवायच्या टाक्याही मिळाल्या. पर्यटकांना तळघरात नेऊन दोन्ही दाखवतात. दोन घरांमधली भिंत छपराच्या वर काढायची, म्हणजे आग एका घरातून दुसऱ्यात जाणार नाही, हाही नियम त्याच काळातला. दारे, खिडक्या, जिन्यांचे दगड, लोखंडी गज ठरावीक मापांत आधी बनवून ठेवत आणि जागेवर आणून बसवत. त्यामुळे काम भराभर झाले आणि बैशाला तो एकसारखेपणा आला. काही प्रवाशांनी त्याला रुक्ष म्हटले. मला तो रुक्ष वाटत नाही. एकाच संकटातून गेलेल्या माणसांनी एकाच मापाची घरे घेतली, यात शोभा आहे.

भूकंपानंतरचे एक काम विटा-दगडांचे नव्हते. जानेवारी १७५६ मध्ये राज्यातल्या सगळ्या धर्मपरगण्यांना तेरा प्रश्न पाठवले गेले. धक्का किती वेळ टिकला, कोणत्या दिशेने जोर अधिक होता, किती घरे पडली, किती माणसे मेली, समुद्र आधी चढला की ओसरला, विहिरींत काय बदल झाला, जमिनीला भेगा पडल्या का आणि त्यांतून काही बाहेर आले का. उत्तरे खेड्यापाड्यांतल्या पाद्र्यांनी लिहिली. यांतली कितीतरी उत्तरे तोर्रे दु तोंबूच्या दफ्तरात टिकली, आणि अडीचशे वर्षांनंतर भूकंपशास्त्रज्ञ त्यांच्यावरून त्या धक्क्याचा जोर आणि समुद्रातला उगम शोधतात. देवाने का मारले, असा प्रश्न या यादीत नाही.

तो प्रश्न बाहेर मात्र सगळीकडे विचारला जात होता. व्हॉल्तेअरने त्यावर कविता लिहिली आणि मग ‘कांदीद’मध्ये आपल्या नायकाला भूकंपाच्या लिस्बनमध्ये नेले. जर्मनीत तरुण कांटने १७५६ मध्ये भूकंपावर तीन लेख लिहिले. लिस्बनमध्ये गाब्रिएल मालाग्रिदा या वयोवृद्ध जेझुइट पाद्र्याने पुस्तिका काढून सांगितले की ही पापांची शिक्षा आहे, आणि लोकांनी घरे बांधण्यापेक्षा प्रायश्चित्त घ्यावे. ढिगारे उपसणाऱ्या शहराला हे सांगणे कार्व्हाल्योला सहन होण्यासारखे नव्हते. त्याने मालाग्रिदाला शहराबाहेर घालवले. इथपर्यंत मी कार्व्हाल्योच्या बाजूने आहे. पुढे नाही. १७५८ मध्ये राजावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्याचा ठपका ताव्होरा या सरदारघराण्यावर आला. १३ जानेवारी १७५९ ला बेलेंमध्ये त्या कुटुंबातल्या माणसांना उघड्यावर हाल करून मारले. त्याच वर्षी जेझुइटांना सगळ्या पोर्तुगीज मुलखांतून हाकलले. गोव्यातही त्यांना पकडून जहाजांवर चढवले. मालाग्रिदाला सप्टेंबर १७६१ मध्ये रोसियू चौकात, नव्या आखणीच्या एका टोकाला, गळा आवळून मारून जाळले. रस्ते सरळ करणारा हात आणि हा हात एकच होता. लिस्बनच्या पुनर्बांधणीचे गोडवे गाणारी पुस्तके हे प्रकरण वेगळ्या अध्यायात टाकतात. मला ते पटत नाही.

पैसा कुठून आला? इंग्लंडच्या संसदेने एक लाख पौंडांची मदत दिली. हॅम्बुर्गने इमारती लाकडाची जहाजे धाडली. लिस्बनच्या व्यापाऱ्यांनी आयात मालावर चार टक्के जादा कर स्वतःहून सोसायचे कबूल केले, आणि तो वर्षानुवर्षे चालला. आणि ब्राझीलचे सोने. ते सोने आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी खाणीत उतरून काढलेले होते. व्यापाराच्या चौकातल्या फिकट दगडी कमानींखाली उभे राहिले की याची आठवण कुठेही कोरलेली दिसत नाही.

काम कित्येक दशके चालले. सांतोस १७६० मध्ये गेला, मार्डेल १७६३ मध्ये, म्हातारा माया १७६८ मध्ये, एक्याण्णव वर्षांचा होऊन. तिघांपैकी एकानेही बैशा पुरी झालेली पाहिली नाही. ६ जून १७७५ रोजी, राजाच्या वाढदिवशी, व्यापाराच्या चौकात त्याचा अश्वारूढ पुतळा उघडला गेला. शिल्पकार मशादू द कास्त्रो. एवढा मोठा पुतळा एकाच ओतीत घडवला होता. भोवतालच्या इमारती अजून अपुऱ्या होत्या, म्हणून सोहळ्यापुरते रिकामे भाग लाकडी देखाव्यांनी भरले. चौकाचे तोंड नदीकडे आहे आणि राजाही नदीकडे पाहतो. पुतळ्याच्या चौथऱ्याला एका बाजूला घोडा आहे आणि दुसऱ्या बाजूला हत्ती. हत्ती म्हणजे पूर्वेचा मुलूख, म्हणजे आपल्या बाजूचा.

त्या हत्तीच्या मुलखाची त्या वर्षांतली अवस्था बिकट होती. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली होती. लिस्बनच्या भूकंपाला आठ महिने होतात न होतात तोच, जून १७५६ मध्ये, गोव्याचा व्हाइसरॉय कोंद द आल्व्हा फोंड्याच्या मर्दनगडावर हल्ला करताना मारला गेला. आणि गोव्याची राजधानी, मांडवीकाठचे जुने गोवे, भूकंपाशिवायच ओस पडत होती. साथीच्या तापांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसे मरत होती आणि जगलेली काढता पाय घेत होती. व्हाइसरॉयनेच १७५९ मध्ये मुक्काम पणजीला, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात हलवला.

लिस्बन उभे केलेल्या पोंबालने १७७४ मध्ये नव्या गव्हर्नरला, जुझे पेद्रू दा कामाराला, हुकूम दिला की जुने गोवे पुन्हा बांधा. लिस्बनमध्ये कामी आलेले सगळे त्याच्या हाताशी होते. अभियंते होते, आखणीची पद्धत होती, सत्ता होती. त्याच हुकमांच्या ओघात त्याने गोव्याचे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालयही, बंद केले. काम सुरू झाले, खर्च झाला. मजूर आणले, आणि त्यांतले पुष्कळ तापाने गेले. पण लिस्बनच्या राखेत ज्यांना मनाईहुकूम काढून थोपवावे लागले होते, तशी माणसे इथे कोणाला दिसली नाहीत. बाजार उठला होता आणि जहाजे पणजीकडे थांबू लागली होती. १७७७ मध्ये राजा मेला, पोंबाल सत्तेवरून गेला आणि पुतळ्याच्या चौथऱ्यावरचे त्याचे पदक काढले गेले. ते पुन्हा बसायला १८३३ उजाडले. जुन्या गोव्याचे काम मात्र पुन्हा कोणी हाती घेतले नाही. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली.

लिस्बनच्या टेकडीवर कार्मूचे चर्च आजही छपराविना आहे. त्याच्या कमानी आभाळाखालीच राहिल्या आहेत, आणि आत संग्रहालय आहे. जुन्या गोव्यातही असेच एक चर्च आहे, सेंट ऑगस्टीनचे. त्याला भूकंप लागला नाही. १८३५ मध्ये मठ रिकामे केल्यावर त्याच्या डागडुजीला कोणी उरले नाही. १८४२ मध्ये त्याचे छत आले, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि निम्मा मनोरा. आता चिऱ्याचा तो उभा सुळका तेवढा राहिला आहे. त्याची मोठी घंटा त्याआधीच उतरवून आग्वादच्या दीपस्तंभावर नेली होती. १८७१ मध्ये तिथून ती पणजीला आणून चर्चच्या पायऱ्यांवर उंच टांगली. पणजीच्या बाजारात उभे राहिले की ती अजून ऐकू येते.